दोष कोणाचा?

भूल देताना स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सिनिलकोलिन नावाचे औषध टोचतात. रक्तातील एक विकर ते झपाट्याने मोडते, म्हणून त्याचा अंमल काही मिनिटांतच उतरतो. काहींच्या रक्तात मात्र हे विकर जवळजवळ नसतेच. शस्त्रक्रिया आटोपली तरी त्यांचे स्नायू तासन्‌तास हलत नाहीत; श्वासही यंत्राने द्यावा लागतो. आम्हा जामबागेतील मराठी लोकांना ज्यांचा शेजार आहे, त्या आर्यवैश्य समाजात ही उणीव इतरांहून सुमारे शंभरपट आढळते.

२००६ साली कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील आर. बूपती व सहकाऱ्यांनी तिचे मूळ दाखवले. तिसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएचई या जनुकात एका अक्षराचा फरक! आईबाप दोघांकडूनही तो आला, तर उणीव प्रकट होते. पुढे २०१७ साली आपल्या हैदराबादच्या सीसीएमबीतील डॉ. थंगराज व अमेरिकेतील डेव्हिड राइक यांच्या चमूने २६३ समाज तपासले. मूठभर पूर्वजांपासून वाढून आपसांतच सोयरिकी केल्याची खूण त्यांतील ८१ समाजांत फिनलंडच्या लोकांहूनही ठळक निघाली.

मूळ सापडले की माणसाला आरोपी हवा असतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही पाप त्याचे की आईबापांचे, असे विचारले आणि प्रभूने दोन्ही नाकारले. शब्बाथ शाळेत आपण हे शिकवतो; घरी सोयरीक जुळवताना मात्र “त्यांच्या रक्तातच आहे” असे सहज बोलून जातो. हे औषध विसाव्या शतकाच्या मध्यास वापरात आले. त्यापूर्वी कित्येक पिढ्या हीच उणीव घेऊन माणसे जगली, त्यांनी दुकाने चालवली, नातवंडे पाहिली. त्यांना आजारी म्हणावे काय? आमच्या मते दोष एकट्या रक्तात नाही, एकट्या औषधातही नाही. दोहोंची गाठ पडते तेथे तो आहे, आणि ती गाठ टाळता येते. रक्त तपासून घ्यावे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे. ते दुसरे औषध योजतात.

पण त्यासाठी “तुम्ही कोणत्या समाजाचे?” असे दवाखान्यात विचारावे लागते. मंडळीच्या दारात हा प्रश्न नको, असे आपण म्हणतो. उत्तर ऐकून विचारणारा औषध बदलणार असेल, तर आम्हांला त्यात गैर दिसत नाही. बाप्तिस्म्यानंतर आडनाव बदलले, तरी पूर्वज तेच राहतात. अशा घरातील आजोबांनी आपण मूळचे कोण, हे नातवाला सांगून ठेवावे. निदान शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तरी.