शब्द आधी की अर्थ?

अर्थ शब्दाआधी मनात असतो की शब्दाबरोबरच जन्मतो, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. शब्दाविना ज्ञान होतच नाही, अशी भूमिका ‘वाक्यपदीय’कार भर्तृहरीने घेतली. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी मात्र वस्तूला नाव मिळण्याआधीचे ‘निर्विकल्प’ ज्ञान मानले.

बोलणे कसे घडते, याचे भर्तृहरीने तीन टप्पे सांगितले. पश्यंतीत अर्थ अखंड असतो, मध्यमेत तो मनातल्या मनात शब्दांच्या क्रमाने लागतो आणि वैखरीत कानाला ऐकू येतो. विलेम लेव्हेल्ट या मानसशास्त्रज्ञानेही १९८९ मध्ये आशय, मांडणी आणि उच्चार असे तीनच टप्पे मांडले. दोन भाषा बोलणाऱ्याची अडचण येते ती मधल्या टप्प्यावर. त्याच्या दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात आणि एकीला आवरून दुसरी बोलावी लागते.

लालबागच्या चाळीत घरी मालवणीत ‘माका होया’ म्हणणारा माणूस दारात शेजारी दिसताच ‘मला हवंय’ म्हणतो. शब्द बदलले तरी मागणी तीच राहते. इथे नैयायिकांची बाजू पटते.

सगळेच शब्द असे अदलाबदलीचे नसतात. इंग्रजी शाळेत शिकणारे दादरचे मूल इंग्रजी वाक्याच्या मध्येच ‘उष्टं’ म्हणते, कारण ती कल्पना त्याला मराठीतच मिळाली आहे. उलट, दिवसभर दार उघडे असणाऱ्या चाळीतही ‘प्रायव्हसी नाही’ ही तक्रार मराठी वाक्यात इंग्रजी शब्दानेच होते.

‘धर्म’ या शब्दाबाबत तर अर्थच सरकला. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे त्याचे धुरीण मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहीत. त्या काळात इंग्रजी ‘रिलिजन’साठी मराठीत ‘धर्म’ रूढ झाला आणि त्याला उपासनेचा पंथ हा अर्थ ठळकपणे चिकटला. तरी ‘शेजारधर्म’ आणि ‘आपद्धर्म’ यांत कर्तव्याचा जुना अर्थ टिकून आहे. आजारी शेजाऱ्याला डबा पोचवणे हा शेजारधर्म. त्याला ‘रिलिजन’ म्हणता येत नाही.

म्हणून या वादाचा निकाल एका बाजूने लागत नाही. भूक, तहान, मागणी यांना भाषा नुसते नाव देते. उष्टे, सोवळे, धर्म या कल्पना मात्र भाषेतच घडतात.