गोठवलेल्या आतड्याची साक्ष

पशुशल्यचिकित्सेच्या शोधनिबंधांत एक वाक्य वारंवार भेटते: आतड्याचे नमुने उणे 20 अंश सेल्सिअसला ठेवले आणि चाचणीपूर्वी वितळवले. किती दिवस ठेवले, कितीदा वितळवले, याचा पत्ता पुष्कळदा नसतो. साध्या फ्रीझरमध्ये पाणी हळूहळू गोठते, बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. गोठवून वितळवलेला टोमॅटो लिबलिबीत होतो, तो यामुळेच. पण पेशी मेल्या म्हणून मोजमाप चुकलेच, असे नाही. ऊतकात ताण पेलणारे वेगळे आणि जगणारे वेगळे. अस्थिबंधात ताण पेलतात ते कोलॅजनचे तंतू. सावियो वू आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये सशाच्या गुडघ्याचे अस्थिबंध गोठवून तपासले, तेव्हा तुटण्याच्या ताकदीत लक्षणीय फरक पडला नव्हता. मात्र सशाच्या अस्थिबंधाचा दाखला कुत्र्याच्या आतड्याला लावता येणार नाही. तिथेही टाका धरतो तो अस्तराखालचा कोलॅजनयुक्त थर, हे शल्यचिकित्सक हॅल्स्टेड यांनी 1887 मध्ये दाखवले. पण टाक्यातून गळती होते का हे पाहणाऱ्या चाचणीच्या निकालावर भिंतीची जाडी, ओलावा आणि लवचीकपणा यांचाही परिणाम होतो.

यावर उत्तर येते की दोन प्रकारच्या टाक्यांची तुलना करताना दोन्ही गट सारखेच गोठवलेले असतात, त्यामुळे तुलना बिघडत नाही. गोठण्याचा परिणाम दोन्ही टाक्यांवर सारखाच होत असेल, तरच हे खरे. एक टाका कडा आत वळवतो, दुसरा त्या समोरासमोर भिडवतो. भिंत मऊ पडली तर दोघांचे नुकसान सारखेच होईल, असे गृहीत धरायला आधार काय? मग ताजेच आतडे वापरावे, असे वाटू लागते. पण मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर काही तासांतच कुजू लागते, म्हणजे तास न नोंदवलेला 'ताजा' नमुनाही तितकाच संशयास्पद. शिवाय चाचणीच्या दिवशी ताजे आतडे हवे, तर त्यासाठी जनावर मारण्याचा मोह होणार. इतर कारणांनी मेलेल्या जनावरांचे अवयव जपून ठेवता येतात, ते फ्रीझरमुळेच. प्राण्यांवरील प्रयोग टाळण्याच्या आणि कमी करण्याच्या, रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेल्या तत्त्वांशी हे सुसंगत आहे. आणि जिवंत कुत्र्यात आतड्याचा टाका सुटतो तो बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, जुने कोलॅजन विरघळत असताना आणि नवे पुरेसे तयार झालेले नसताना. ते दिवस ताज्या मृत आतड्यातही येत नाहीत. तेव्हा गोठवलेला नमुना नाकारण्याचे कारण उरत नाही. त्याची साक्ष शस्त्रक्रियेच्या टेबलापुरती, म्हणजे टाका घातला त्या वेळेपुरती मानावी. संपादकांनी मात्र मृत्यूपासूनचे तास, साठवणीचे दिवस आणि वितळवण्याच्या फेऱ्या लिहिल्याशिवाय निबंध स्वीकारू नये.