आवडती आगबोट

आवड हा विषय नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो काय, असा प्रश्न केला असतां बहुतेक सुशिक्षित माणसें हंसून ‘नाहीं’ असेंच उत्तर देतील. कोणास ज्वारीची भाकरी रुचते, कोणास तांदळाची. कोणास डोंगर आवडतो, कोणास समुद्र. यांत पापपुण्याचा संबंध कोठें आला? हें उत्तर कांहीं अंशीं बरोबरहि आहे. परंतु जी आवड पुरविण्यासाठीं आपण पैसे मोजतों, जिच्यासाठीं शेंकडों अपरिचित माणसें रात्रंदिवस राबतात, आणि जिच्या योगानें एक धंदा तरतो व दुसरा बुडतो, ती आवड केवळ जिभेची किंवा डोळ्यांची राहत नाहीं. ती व्यवहारांत उतरते. आणि जें व्यवहारांत उतरतें त्यास नीतीचे प्रश्न विचारणें प्राप्तच होतें.

हा विचार सुचण्यास निमित्त एका पत्राचें झालें. सिडनी येथें स्थायिक झालेले आमचे एक जुने विद्यार्थी दरवर्षीं सहकुटुंब समुद्रपर्यटनास जातात. ज्यांस हल्लीं क्रूझ म्हणतात त्या विहारनौका चालविणाऱ्या कंपन्या तिकडे पुष्कळ. त्यांपैकीं एकीवर या कुटुंबाचा लोभ जडला होता. त्या कंपनीचें नांव मार्च २०२५ मध्यें पुसलें गेलें, आणि आतां कोणत्या कंपनीस ‘आपली’ म्हणावें, असा त्यांचा प्रश्न आहे. चिकलठाण्यास राहणाऱ्या माणसास असें विचारणें वरकरणी विनोदाचें वाटेल. येथून समुद्र दिसत नाहीं. दिसतात तीं कारखान्यांचीं छपरें, विमानतळाची धांवपट्टी आणि पलीकडे काळी, पावसाची वाट पाहणारी जमीन. तथापि प्रश्न जहाजांचा असला तरी त्याचें मर्म जहाजांत नाहीं. एखाद्या धंद्यावर प्रेम करावें काय, आणि केल्यास त्या प्रेमाबरोबर कोणतें कर्तव्य येतें, हा तो प्रश्न होय. आणि तो बाजारांत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकास लागू आहे. शिवाय सप्टेंबर २०२१ पासून मुंबईच्या बंदरांतूनहि ‘कॉर्डेलिया’ कंपनीची विहारनौका सुटूं लागली. तेव्हां हा प्रश्न निवळ परक्यांचा म्हणून सोडून देण्याचीहि सोय उरलेली नाहीं.

ज्या नांवाच्या वियोगानें आमच्या स्नेह्यांस हळहळ वाटली तें ‘पी. अँड ओ.’ हें नांव मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. १८३७ सालीं टपाल वाहण्याच्या सरकारी कराराच्या आधारावर या इंग्रज कंपनीनें आपला जम बसविला, आणि पुढें मुंबई व सिडनी हीं दोन्ही बंदरें तिच्या जाळ्यांत आलीं. १९३२ च्या डिसेंबरांत तिचें ‘स्ट्रॅथेअर्ड’ जहाज केवळ सहलीसाठीं सिडनीहून नॉरफोक बेटाकडे गेलें, आणि तेव्हांपासून ऑस्ट्रेलियांतील कित्येक कुटुंबांच्या सुट्ट्यांच्या आठवणी या नांवाशीं निगडित झाल्या. आतां आमच्या बाजूनें पाहूं. याच कंपनीच्या ‘मोरिया’ जहाजांतून १९१० च्या जुलैंत सावरकरांनीं मार्सेय बंदरीं समुद्रांत उडी घेतली. आणि याच कंपनीच्या ‘राजपुताना’ जहाजानें १९३१ च्या ऑगस्टांत गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं मुंबईहून निघाले. एकाच कंपनीची बोट एकास सुट्टी, दुसऱ्यास तुरुंग आणि तिसऱ्यास नुसतें वाहन! यावरून उघड होतें कीं, प्रियता हा कंपनीचा गुण नव्हे. आपण ज्यावर प्रेम करतों तें बहुधा त्या बोटीवर घालविलेले आपलेच दिवस असतात: मुलें लहान होतीं तेव्हांचे, आईवडील हयात होते तेव्हांचे. हें प्रेम हंसण्यासारखें मुळींच नाहीं. तें कोणाचें आहे, एवढें मात्र आपण ओळखावें.

व्यापारी तें आपल्याआधीं ओळखतो. वारंवार येणाऱ्या प्रवाशास या कंपन्या रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा पायऱ्या चढवितात. त्याच्या गुणांची नोंद ठेवतात, त्यास प्रथम चढूं देतात, आणि या सर्व व्यवस्थेस ‘निष्ठा’ हें नांव देतात. निष्ठा हा शब्द आमच्या भाषेंत फार मोठा आहे. वारकरी पंढरीस जातो तो दहाव्या वारीस कांहीं सवलत मिळेल म्हणून नव्हे. जेथें प्रत्येक फेरीचा मोबदला ठरलेला आहे तेथें सौदा आहे. सौदा वाईट नसतो, पण तो निष्ठा नव्हे. निष्ठेस दुसरी बाजू लागते. मित्रावर आपला जीव असतो तेव्हां मित्राचाहि आपल्यावर असूं शकतो. कंपनीचा असूं शकत नाहीं, कारण ती व्यक्ति नव्हे. हिशेब जमेना तेव्हां पी. अँड ओ. चें ऑस्ट्रेलियांतील नांव मालक कंपनीनें बंद केलें व जहाजें आपल्या ‘कार्निव्हल’ या दुसऱ्या नांवाखालीं घेतलीं. यांत तिनें कोणाचा विश्वासघात केला असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें वचनच दिलें नव्हतें त्याचा भंग कसा होणार?

येथें आमचे अर्थशास्त्रज्ञ मित्र म्हणतील कीं, मग प्रश्न मिटला. कंपनी प्रेम करीत नाहीं तर प्रवाशानेंहि करूं नये. भाडें पाहावें, खोली पाहावी, आणि जें स्वस्त व सोयीचें तें घ्यावें. हें मत दिसावयास शहाणपणाचें आहे. परंतु त्याची एक परीक्षा आमच्याच देशांत होऊन गेली आहे. १९०६ सालीं तुतिकोरिन येथें चिदंबरम पिळ्ळे यांनीं स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापून कोलंबोच्या मार्गावर आगबोटी सुरू केल्या. त्या मार्गावर तोंवर ब्रिटिश इंडिया कंपनीचा ताबा होता. तिनें भाडें उतरविलें. स्वदेशी कंपनीनें त्याहून खालीं आणलें. तेव्हां प्रतिस्पर्ध्यानें प्रवाशांस फुकट नेण्याची तयारी दाखवून वर छत्रीहि देऊं केली, असें सांगतात. १९०८ मध्यें पिळ्ळे यांस राजद्रोहासाठीं तुरुंगांत टाकण्यांत आलें, आणि १९११ सालीं कंपनी विसर्जित झाली. ती बुडण्यास केवळ फुकटचीं तिकिटें कारण झालीं असें नव्हे. राजसत्तेचा हातहि तितकाच होता. तथापि ज्यानें छत्री घेतली त्यानें आपण फक्त पावसाची सोय केली असें म्हटल्यास तें पुरें होत नाहीं. उद्यां या मार्गावर किती कंपन्या उरतील आणि त्या किती भाडें घेतील, या प्रश्नावर त्यानें नकळत आपलें मत देऊन टाकलें होतें.

हें ज्यांनीं जाणलें त्यांनीं उलट दिशेनें प्रयत्न केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या सिंदिया कंपनीचें पहिलें जहाज ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघालें, त्याचें नांवच मुळीं ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, असें होतें. त्याच्याहि अगोदर, स्वदेशीच्या त्याच लाटेंत, कोंकण आणि गोमंतक यांच्या किनाऱ्यासाठीं एक सहकारी कंपनी निघाली होती. तिचें दप्तरी नांव लांबलचक व इंग्रजी. पण लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘तुकाराम’, ‘रामदास’, ‘सेंट अँथनी’ अशीं तिच्या बोटींचीं नांवें होतीं. म्हणजे देहूचा, सज्जनगडाचा आणि गोव्याच्या देवळाचर्चांच्या मुलखांतला, असे सगळे संत एकाच कंपनीच्या चाकरीस लागले होते. कंपनीस ‘माझी’ म्हणणें याचा अर्थ येथें निराळा आहे. या मनुष्याची निष्ठा गुणांच्या वहीवर जमा होत नव्हती. ज्या धंद्याच्या तरण्यांत आपल्या समाजाचें तरणें आहे त्यांत आपला वांटा उचलावा, असा तिचा भाव होता. ग्राहकाच्या आवडीस नैतिक अर्थ येऊं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि तरीहि हें उदाहरण येथें थांबविणें अप्रामाणिकपणाचें होईल. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास पुरता महिनाहि राहिला नसतां, याच कंपनीची ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जातांना वादळी समुद्रांत बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. बोट ‘माझी’ होती, नांव संताचें होतें, प्रवासी घरचे होते. समुद्रानें यांपैकीं कांहींच विचारलें नाहीं. आमच्या चिकलठाण्यालाहि हा धडा निराळ्या रूपांत मिळाला आहे. २६ एप्रिल १९९३ रोजीं येथील धांवपट्टीवरून उठणारें इंडियन एअरलाइन्सचें विमान पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गांठी घेऊन जाणाऱ्या ट्रकवर आदळलें, आणि ११८ पैकीं ५५ माणसें मेलीं. विमानकंपनी राष्ट्राच्या मालकीची होती. विमान उचलण्यास झालेला उशीर आणि रस्त्यावरील वाहतूक न अडविणें, या गोष्टी कोणत्याहि प्रवाशास तिकीट घेतांना दिसूं शकत नव्हत्या. आपलेपणानें सुरक्षितता येत नाहीं. उलट, आपलेपणा कधीं कधीं प्रश्न विचारणाऱ्याचें तोंड बंद करतो; घरच्या माणसास हिशेब मागणें आपल्याकडे वाईट दिसतें.

तेव्हां निष्ठेची मर्यादा येथें ठरते. जी निष्ठा प्रश्न विचारूं देत नाहीं ती प्रवाशाच्या कामाची नाहीं, आणि शेवटीं कंपनीच्याहि नाहीं. प्रेम जेथें पुरें पडत नाहीं तेथें कायदा उभा करावा लागतो. १९ मार्च २०२० रोजीं ‘रूबी प्रिन्सेस’ ही विहारनौका सिडनीस लागली आणि सुमारें २७०० प्रवासी शहरांत उतरले. त्या जहाजावरील कोविडच्या सांथीशीं पुढें २८ मृत्यूंचा संबंध जोडला गेला. प्रवासी न्यायालयांत गेले, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्यांतील कांहींच्या तिकिटांच्या अटींत सामुदायिक दाव्यांत भाग घेण्याचा हक्क सोडल्याचें कलम होतें. ६ डिसेंबर २०२३ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तें कलम अन्याय्य ठरविलें. सहलीची जाहिरात वाचतांना मन ज्या कंपनीवर लुब्ध होतें, तिनें तुमच्याविषयीं काय योजून ठेवलें आहे हें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. आणि तें वाचावयास लुब्ध माणसास सवड नसते.

परंतु प्रवाशानें आपल्याच हक्काकडे पाहावें एवढ्यानें नीतीचा प्रश्न संपत नाहीं. बोटीवर दोन प्रकारचीं माणसें असतात: विहार करणारीं, आणि त्यांचा विहार घडवून आणणारीं. गोव्यांतून व कोंकणांतून किती तरी पिढ्या तरुण बोटीवर नोकरीस जात आले. आज विहारनौकांच्या स्वयंपाकघरांत आणि भोजनगृहांत हीं आमचीं मुलें आढळतात. पुष्कळशा विहारनौका बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांच्या निशाणाखालीं नोंदविलेल्या असतात, आणि चाकरांच्या बाबतींतील बराचसा कायदा त्या निशाणाबरोबर ठरतो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानें खलाशांस चोवीस तासांत किमान दहा तास व आठवड्यांत किमान ७७ तास विश्रांति मिळावी असें ठरविलें. भारतानेंहि २०१५ मध्यें त्यास मान्यता दिली. ही मोठीच प्रगति होय. पण याचा दुसरा अर्थ असाहि होतो कीं, नियम तंतोतंत पाळूनहि एखाद्या दिवशीं एखाद्या मुलास चौदा तास उभें राहतां येतें. त्याच्या हंसऱ्या चेहऱ्यावर आपली प्रीति जडते, आणि ती प्रीति आपण कंपनीच्या खात्यावर जमा करतों!

आमच्या सिडनीच्या स्नेह्यांस आम्ही कोणत्याहि कंपनीचें नांव कळविलें नाहीं. तें आमचें क्षेत्र नव्हे. एक कसोटी मात्र आम्ही सुचविली. ज्या बोटीवर आपला स्वतःचा मुलगा, घरीं कांहीं अडचण नसतां, निव्वळ खुशीनें नोकरीस पाठविण्यास आपण तयार असूं, ती बोट प्रवासासाठीं निवडावी. ‘अडचण नसतां’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण गरज असली म्हणजे माणूस मुलास कोठेंहि पाठवितो, आणि त्यावरून बोटीचें चांगलेपण सिद्ध होत नाहीं. ही कसोटी लावूं म्हटलें तर माहिती काढावी लागेल: निशाण कोणत्या देशाचें आहे, करार किती महिन्यांचा, पगार वेळेवर होतो काय, आजारी चाकरास कोण पाहतें. हे प्रश्न दहा कुटुंबांनीं विचारले तर कंपनी हंसेल. दहा हजारांनीं विचारले तर ती उत्तरें छापूं लागेल. ‘माझी आगबोट’ म्हणणाऱ्या त्या कोंकणी प्रवाशापाशीं याहून अधिक कांहीं सामर्थ्य नव्हतें. होती ती एवढीच समजूत कीं, तिकीट घेणाराहि त्या बोटीच्या बऱ्यावाइटाचा वांटेकरी आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सुट्टींतहि माणसास स्वस्थता मिळूं नये काय? अवश्य मिळावी. पण जी स्वस्थता केवळ न पाहिल्यानें मिळते तिचा भरंवसा फार थोडा असतो. आणि पाहून-सवरून निवडलेल्या बोटीच्या डेकवर बसलेल्या माणसास समुद्र कांहीं कमी निळा दिसत नाहीं.