चावीतली ओळख

आषाढात अर्धापूरच्या मळ्यांत दिवस उजाडायच्या आधीच लगबग सुरू होते. इसापूरच्या कालव्यावर पोसलेल्या अर्धापुरी केळीचे घड उतरवायचे, ट्रक भरायचा, व्यापाऱ्याशी हिशेब करायचा. पिकायला आलेली केळी कुणासाठी थांबत नाही. अशाच एका सकाळी एका बागायतदाराची गाडी अंगणातच अडून बसली. गाव त्यांना दादा म्हणायचं. नांदेडला व्यापारी वाट बघत होता.

दादांनी सेल मारला. इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"डिझेल काढलं असंल कुणीतरी रातीतून," जमलेल्यांपैकी एकजण बोलून गेला.

दादांची नजर ड्रायव्हरकडे वळली. इतकी वर्षं घरात वावरलेला माणूस. लेकींना सासरी पोचवायला आणि आईला दवाखान्यात न्यायला हाच असायचा.

"रातच्याला गाडी कुणी लावली?"

"मीच लावली, दादा."

"मग डिझेल कुठं गेलं?"

चार माणसांसमोर विचारलेला प्रश्न. ड्रायव्हरचा चेहरा उतरला, तरी तो म्हणाला, "दादा, समोर तांबडा दिवा लुकलुक करायलाय. चावीचं चित्र हाय त्याच्यात. काल नव्हता."

"दिव्याचं मला नको सांगू."

मग सगळी खटपट झाली. मेकॅनिकनं फिल्टर उघडला, बॅटरीचे टर्मिनल घासले, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल जोडली, पोरांनी धक्का मारला. वायर तोडून डायरेक्ट करू, असंही कुणी सुचवलं. जुन्या गाड्यांना ते चालायचं. आताच्या गाडीत तोडलेल्या एका वायरीपायी हजारोंचा खर्च निघतो.

शेवटी भोकर फाट्यावरून वायरिंगचं काम करणारे चाचा आले. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. स्वीच ऑन केला, दिवा बघितला आणि ड्रायव्हरलाच जवळ बोलावून विचारलं, "हे कवापासून?" त्यानं सगळं सांगितलं. चाचांनी मान हलवली. "घरात दुसरी चावी हाय का?"

ती कपाटात होती. आणली, फिरवली. गाडी सुरू झाली ती चालूच राहिली.

चाचांनी दोन्ही चाव्यांची मूठ उघडली. कपाटातल्या चावीत एका खाचेत इवलीशी काळी चिप बसवलेली होती. रोजच्या चावीत ती खाच रिकामी. दादांच्या मुलानं आदल्या संध्याकाळी नांदेडला फुटक्या चावीचं कव्हर बदलून घेतलं होतं. पातं आलं, रिमोटची पट्टी आली, म्हणून दार उघडत होतं. चिप मात्र जुन्या कव्हरातच राहिली. मुलाच्या कालच्या शर्टाच्या खिशात ते कव्हर सापडलं.

या चिपला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते, तेवढ्यावर ती आपला संकेत सांगते आणि गाडीतला संगणक तो ताडून बघतो. जुळला नाही तर इंजिनाचं इंधन तोडलं जातं. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही. युरोपात 1998पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. नेदरलँड्समध्ये तिच्यामुळे मोटारचोऱ्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. अडवणारी वस्तू बिघडलेलीच असते असं नाही, आणि तिला तोडायला निघण्याआधी ती काय मागते आहे हे विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चिप जागेवर बसवता बसवता दादा हळूच म्हणाले, "आपल्याच गाडीनं आपल्याला चोर ठरवलं की, चाचा."

"नाही दादा. तिनं चोर नाही म्हटलं. तिनं ओळख मागितली. तुमच्याकडं मागितली, पोराकडं मागितली, सगळ्यांकडं सारखीच. ओळख पटली की लगेच चालू. मागचं काही मनात धरत नाही." चाचा थोडं थांबले. "तुम्ही तर त्या गड्याला विचारायच्या आधीच ठरवून टाकलं."

दादा गाडीत बसले. रोजची चावी फिरवली, इंजिन लागलं. तांबडा दिवा विझला होता. त्याच्या शेजारी डिझेलचा काटा पाऊण टाकीवर उभा होता. सकाळी तो तिथंच असणार. सकाळपासून एकानंही त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

ड्रायव्हर ट्रकच्या मागे घडांखाली केळीचा पाला अंथरत होता. सकाळची माणसं अजून कट्ट्यावर होती. दादा खाली उतरले ते आधी कट्ट्याकडे गेले, आणि ड्रायव्हरलाही हाक मारून तिथं बोलावून घेतलं.

"डिझेलचं मी बोललो ते खोटं होतं," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "टाकीत डिझेल हाय. मी न बघताच बोललो. आणि ह्यानं दिवा दाखवला तेव्हा मी ह्याला गप्प केलं."