ग्राफिक्स कार्डाचा परिग्रह

संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर दौंड तालुक्यात यवत आणि वरवंडला मुक्कामाला असते. त्या वाटेवरच्या गावांना समाधानाचा उपदेश नवा नाही. कीर्तनातून तो पिढ्यानपिढ्या ऐकला गेला आहे, आणि लोकांनी त्याचा सोपा अर्थ असा लावला आहे की दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, आहे त्यात सुख मानावं. याच पट्ट्यात, दौंड-केडगावला आणि तिकडे शिरूर, रांजणगाव, शिक्रापूरला, आज असाही तरुण वर्ग आहे ज्याच्या घरात गेमिंगचा पीसी आहे. कोणी एमआयडीसीत शिफ्ट करतो, कोणी रोज रेल्वेने पुण्याला जातो, कोणी इंजिनिअरिंगला आहे. नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं की जुन्याशी त्याची तुलना सुरू होते: फ्रेम किती वाढतात, मेमरी किती, वॅट किती, रुपये किती. समाधानाच्या त्या सोप्या अर्थाने पाहिलं तर ही तुलना म्हणजे असंतोषाचं बी. मला ते पटत नाही. अर्धवट सोडलेली तुलना हाव वाढवते हे खरं. पण शेवटपर्यंत नेलेल्या तुलनेइतकं हावेला अडवणारं भरवशाचं साधन संसारी माणसाकडे दुसरं नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं: १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरीपर्यंतची वाट), १७० वॅट. जून २०२३ मध्ये त्याच्या जागी ४०६० आलं: ८ जीबी, १२८ बिट, ११५ वॅट. मे २०२५ मधल्या ५०६० लाही मेमरी ८ जीबीच, फक्त अधिक वेगवान, आणि वीज १४५ वॅट. क्रमांक हजाराने वाढला आणि मेमरी एक तृतीयांशाने घटली. बहुतेक गेममध्ये ४०६० हे ३०६० पेक्षा वेगवान आहे आणि वीजही कमी खातं, यात वाद नाही. पण २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’सारख्या गेममध्ये सेटिंग वर नेली की ८ जीबी अपुरी पडू लागते, आणि तिथे जुन्या कार्डाची जास्तीची मेमरी कामी येते. शिवाय ४०६० मदरबोर्डाशी आठच लेनने बोलतं. बोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा असेल तर ती वाट निम्मी अरुंद होते. नावाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने ४०८० या एकाच नावाची दोन कार्डं जाहीर केली. त्यातल्या १२ जीबीच्या कार्डात चिपच वेगळी आणि लहान होती. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ते मागे घेतलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच वस्तू ४०७० टीआय म्हणून विकायला आली. सिलिकॉन तेच, नाव निराळं. नामरूपावर भुलू नका हे उपनिषदांनी ब्रह्माच्या संदर्भात सांगितलं होतं. ते इतक्या खालच्या पातळीवरही लागू पडेल असं ऋषींना वाटलं नसावं.

याहून खोल प्रश्न फ्रेमचा, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० हे कार्ड ४०९० इतकी कामगिरी देईल. ४०९० ची मूळ किंमत १,५९९ डॉलर होती. या दाव्यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता होती. कार्ड स्वतः एक चित्र काढतं आणि मधली तीनपर्यंत चित्रं अंदाजाने भरतं. पडद्यावर आकडा वाढतो, हालचाल मऊ दिसते. पण ती भरलेली चित्रं तुमच्या माउसला उत्तर देत नाहीत. हाताची आज्ञा पोचते ती खऱ्या काढलेल्या चित्रापर्यंतच. मग ही चित्रं खरी की खोटी? सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने सत् काय हे ठरवायला एक कसोटी दिली होती: जे काही कार्य करू शकतं ते सत्. मृगजळ दिसतं, पण त्याने तहान भागत नाही. ही कसोटी इथे चपखल बसते, आणि तिचं उत्तर एकसारखं येत नाही हे त्यातलं मर्म आहे. ज्याला एकट्याने निवांत खेळायचा, डोळे भरून पाहण्याचा गेम हवा आहे त्याच्यासाठी मऊ हालचाल हेच कार्य. त्याला ती चित्रं खरीच आहेत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये समोरच्याच्या आधी गोळी झाडायची आहे त्याच्यासाठी ती निरुपयोगी. म्हणजे दोन कार्डं समोरासमोर ठेवून प्रश्न सुटत नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे आपलं काम, मांडल्याशिवाय ‘जास्त चांगलं’ या शब्दांना अर्थच येत नाही. जाहिरातीचा तक्ता नेमकी हीच तिसरी गोष्ट वगळतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्ड १८० काढत असेल तर प्रतिसाद थोडा सुधारेल, बाकीची चित्रं डोळ्यांपर्यंत पोचणारच नाहीत. हे त्या तक्त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

आता धर्मविचाराकडे वळू. शंकराचार्यांनी साधकाला लागणारी चार साधनं सांगितली, त्यांत वैराग्य दुसरं आहे. पहिला आहे नित्यानित्यवस्तुविवेक, म्हणजे टिकणारं कोणतं आणि न टिकणारं कोणतं याची पारख. हा क्रम सहज पडलेला नाही. ज्याने पारखलंच नाही त्याचं सोडणं हे वैराग्य नसतं. त्याला बाजार ठाऊक नसतो इतकंच. पगार वाढला, मित्राचा नवा पीसी पाहिला, की असलं समाधान आठवड्यात उडून जातं. जैन परंपरेने गृहस्थासाठी यापुढची व्यवस्था केली आहे. शिरूर-घोडनदीच्या बाजारपेठेतल्या जुन्या व्यापारी घराण्यांना ती सांगायची गरज नाही. साधूने सगळंच सोडायचं. श्रावकाने पाचव्या अणुव्रतानुसार परिग्रहाचं परिमाण ठरवायचं, म्हणजे जमीन, धान्य, सोनं, भांडीकुंडी कुठवर ठेवायची याची मर्यादा आधीच बांधून घ्यायची. मर्यादा वस्तू समोर यायच्या आधी ठरते. दुकानात उभं राहून ठरवलेली मर्यादा ही मर्यादाच नव्हे, ती तडजोड. आणि तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूने केलेली नाही, मूर्च्छेने केली आहे: वस्तूत गुंतून भान हरपणं. त्या व्याख्येप्रमाणे एकही कार्ड न घेता माणूस परिग्रही असू शकतो, आणि महागडं कार्ड घेऊनही तो अपरिग्रहाच्या जवळ राहू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा की गरज ही स्थिर नसते. आज पुरणारं उद्या पुरत नाही. मग कामाला माप मानून काय उपयोग, माप स्वतःच ताणलं जातं. आक्षेप निम्मा खरा आहे. जुलै २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०६० आज खरोखर मागे पडलं आहे. डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीने त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. पण उरलेला निम्मा भाग तपासा. हेच १०६० गेम विकणाऱ्या स्टीम या व्यासपीठाच्या मासिक पाहणीत २०२२ पर्यंत कित्येक वर्षं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कार्ड होतं. गेम बनवणाऱ्याला खेळ विकायचा असतो, आणि तो लोकांच्या घरात जे कार्ड आहे त्यावर चालला तरच विकला जातो. म्हणून गरजेची पातळी नव्या कार्डाबरोबर चढत नाही; बहुसंख्यांकडे जे कार्ड आहे त्याच्याबरोबर हळूहळू चढते. दर दोन वर्षांनी मागे पडल्याची जी भावना होते तिला या आकड्यांचा आधार नाही. कार्ड मागे पडतं, पण सहा-आठ वर्षांत.

दुसरा आक्षेप कठोर आहे: मुळात गेम ही गरजच नाही, मग तिच्या आत कमी-जास्त काय मोजायचं? खेळच सोडावा. संन्याशाच्या तोंडी हे शोभेल. शिरूर तालुक्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटावर हे कोणी बोलून दाखवावं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्या सशर्त पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या सात वर्षांत शर्यतीविना पोटापाण्याचं काही अडलं नाही, तरीही माणसं नाद जपत राहिली, बैलांवर खर्च करत राहिली. त्यांना कोणी अधार्मिक म्हटलं नाही. बरेच घाट तर गावच्या जत्रेतच भरतात. ब्रह्मसूत्रांनीही ईश्वर जग का निर्माण करतो याचं उत्तर लीला असंच दिलं आहे, म्हणजे गरज नसताना केलेली कृती. ज्या परंपरेने सृष्टीच्या मुळाशी खेळ मानला तिच्या नावाने खेळालाच दोष देता येत नाही. खेळाला मर्यादा असावी हे म्हणता येतं, आणि ते मान्य आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. वस्तू घेण्यापेक्षा तिची तुलना करत बसणंच माणसाला अधिक गुंतवतं. रात्री दोन वाजेपर्यंत बेंचमार्कचे व्हिडिओ पाहणाऱ्याने रुपया खर्च केलेला नाही, पण मूर्च्छा पुरी आहे. हे नाकारता येत नाही. माझ्या मांडणीत याला उत्तर एवढंच की अशा पाहण्याला तुलना म्हणू नये, कारण तिच्यात प्रश्नच नाही. ‘कोणतं कार्ड भारी’ हा प्रश्न नव्हे. त्याला शेवट नाही, पुढल्या वर्षी तो पुन्हा उघडतो. ‘माझ्या मॉनिटरवर हे तीन गेम नीट चालतात का’ हा प्रश्न आहे. तो एका संध्याकाळी मिटतो. बहुतेकदा उत्तर ‘चालतात’ असं येतं आणि खरेदी टळते. पुरी तुलना हावेला अडवते असं मी म्हटलं ते याच कारणाने.

कामाला माप मानणं म्हणजे नव्याला नकार देणं नव्हे, हे शिरूर तालुक्यातल्याच पाबळला दिसतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, काम करत करत शिकण्यासाठी. खेड्यातल्या मुलांना वेल्डिंग आणि शेती शिकवणाऱ्या त्या जागी २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली, भारतात तो शब्द फारसा कोणाला माहीत नव्हता तेव्हा. आधी काम, मग त्यासाठी लागेल तितकं नवं यंत्र. लग्नाच्या शूटिंगचं फोर-के एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याला जास्त मेमरीचं कार्ड घेणं यात बसतं. तेच कार्ड त्याच्या दुकानाशेजारच्या फ्लेक्सवाल्याला लागत नाही.

राहिला पैशाचा भाग, तो थोडक्यात. ५०६० आपल्याकडे २०२५ मध्ये तीस हजारांच्या आसपास पडत होतं. २०२५-२६ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, टनाला ३,५५० रुपये होती. म्हणजे दौंडच्या शेतकऱ्याच्या घरात हे कार्ड साडेआठ टन उसाचं, आणि तोडणी-वाहतूक वजा केली तर त्याहून जास्तीचं. ‘नवं कार्ड वीज वाचवतं, पैसे आपोआप वसूल होतात’ असं जे सांगितलं जातं ते कागदावर मांडून पाहा. ३०६० आणि ४०६० मधला फरक ५५ वॅट. रोज चार तास खेळलं तर महिन्याला साडेसहा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाचे आठशे रुपये होत नाहीत. या हिशेबाने, ४०६० लाही तीस हजारच पडले असं धरलं तर, ते फिटायला जवळपास चार दशकं लागतील. ज्या घरात महिन्याचा वापर शंभर किंवा तीनशे युनिटच्या उंबरठ्यावर आहे तिथे पुढच्या टप्प्याच्या दरामुळे थोडा फरक पडेल, पण खरेदीचं समर्थन म्हणून तो पुरत नाही.

म्हणून ज्याच्याकडे ३०६० आहे आणि मॉनिटर १०८० पिक्सेलचा आहे, त्याने ५०६० घेऊ नये. जीटीएक्स १६५० वर व्हॅलोरंट खेळणाऱ्याला काही बदलण्याची गरज नाही. १०६० वाल्याला नवे गेम खेळायचे असतील तर त्याने खुशाल बदलावं, अपराधी वाटून घेऊ नये; घेताना क्रमांक न पाहता मेमरी, बस आणि आपल्या बोर्डाची पिढी पाहावी. आणि दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी तीन ओळी कागदावर लिहाव्यात: खेळायचे गेम कोणते, मॉनिटर कोणता, खर्चाची वरची मर्यादा किती. तिसरी ओळ सगळ्यात आधी लिहा.