पुढें पाठविणाऱ्याचा दोष किती?

ऐकलेली गोष्ट खरी कीं खोटी हें न पाहतां ती दुसऱ्यास सांगणारा मनुष्य दोषी आहे काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु घरोघरीं मोबाईल फोन आल्यापासून त्याला पूर्वीं नव्हतें इतकें गांभीर्य आलें आहे.

पुष्कळांचें म्हणणें असें कीं, "मजकूर मीं रचला नाहीं, आला तसा पुढें पाठविला. माझा त्यांत काय अपराध?" ह्या म्हणण्याची कसोटी आपल्या महाराष्ट्रांतच लागली आहे. सन २०१८ मध्यें, मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा व्हॉट्सअॅपवरून गांवोगांव पसरली होती. ता. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार होता. तेथें भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण आले. संशयावरून जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेऊन इतकें मारिलें कीं, पांचही जण प्राणांस मुकले. ते मुलें पळविणारे नव्हते. मारणारांचा अपराध तर उघडच आहे. पण ज्यांनीं घरीं बसून ती अफवा बोटानें पुढें ढकलली, त्यांस काय म्हणावें?

कोणी म्हणेल, हा दोष यंत्राचा. अमेरिकेंतील एमआयटी ह्या संस्थेंतील तीन संशोधकांनीं सन २००६ ते २०१७ पर्यंत ट्विटरवर फिरलेल्या सुमारें १,२६,००० बातम्या तपासून आपला निष्कर्ष २०१८ मध्यें 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. खऱ्या बातमीस १,५०० लोकांपर्यंत पोहोंचावयास खोट्या बातमीच्या सुमारें सहापट वेळ लागतो, असें त्यांस आढळलें. आपोआप मजकूर पाठविणारीं यंत्रें खरें व खोटें सारख्याच वेगानें पसरवीत होतीं. खोट्याला अधिक वेग दिला तो माणसांनींच! खोटी बातमी नवलाची असते. ती आश्चर्य, भीति व किळस उत्पन्न करिते, आणि मनुष्य ती सांगावयास अधीर होतो.

मग यंत्र अगदीं निर्दोष काय? तसेंही नाहीं. पूर्वीं वार्ता सांगावयास शेजारच्या गांवीं चालत जावें लागे. वाटेंत विचारास अवकाश मिळे, आणि ऐकणारा विचारी, "तूं स्वतः पाहिलेंस काय?" यंत्रानें ती वाटही काढून टाकली व तो प्रश्नही. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सअॅप कंपनीनें, एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये, असें बंधन भारतांत आणिलें. एप्रिल २०२० मध्यें, वारंवार फिरलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं जाईल असें केलें. तेव्हां अशा मजकुराची ये-जा शेंकडा ७० नीं घटली, असें कंपनीनें सांगितलें. थोडी अडचण पडतांच माणसें थांबलीं.

पाठविणारे सर्वच लबाड नसतात. २०२१ मध्यें 'नेचर' ह्या नियतकालिकांत आलेल्या एका प्रयोगांत पांच हजारांहून अधिक ट्विटर वापरणारांस एकच मथळा दाखवून, हा खरा वाटतो काय, एवढेंच विचारिलें होतें. त्यानंतर त्यांनीं पाठविलेल्या बातम्या पूर्वींपेक्षां अधिक विश्वसनीय स्थळांच्या निघाल्या. सत्य त्यांस नको होतें असें नव्हे. घाईंत त्याची आठवण राहिली नव्हती.

म्हणून आमचें उत्तर असें. मुलांच्या काळजीनें ज्यानें अफवा पाठविली, त्याचा हेतु वाईट नव्हता, हें आम्ही मान्य करितों. परंतु चांगल्या हेतूनें दोष हलका होतो, नाहींसा होत नाहीं. तहानलेल्यास पाणी देणारानेंही विहिरींत काय पडलें आहे तें पाहिलें पाहिजे. वाचकहो, जी वाट यंत्रानें काढून टाकली ती आपणच आपल्या मनांत पुनः घालूं या. हें कोणीं पाहिलें, कोठें, केव्हां, असें आधीं विचारूं. गांवच्या पोलीस पाटलास पुसूं. आणि उत्तर न मिळाल्यास ती बातमी आपल्यापाशींच थांबवूं. त्या पांच जणांच्या घरीं त्यांची वाट पाहणारीं माणसें होतीं, हें आपणांपैकीं कोणीं विसरूं नये.