टिलर तोच राहिला का?

आमच्या आबांनी घेतलेला मित्सुबिशी शक्तीचा पॉवर टिलर मी यंदा पुन्हा उभा केला. लायनर-पिस्टन नवे, रिंगा नव्या, नोझल नवं, क्रँक ग्राइंड करून बेअरिंगं बदललेली. क्लचच्या प्लेटा, व्ही-बेल्ट, ऑइल सील, रोटरची पाती, सगळं नवं. काम संपत आलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "दादा, आता यात आबांचं काय राहिलं?" त्यांनी सहज विचारलं, पण माझ्या मनातून ते जाईना. दर दसऱ्याला आम्ही या टिलरला हार घालतो. तो नेमका कशाला घालतो?

आमच्या जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न जागोजाग उभा आहे. मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगावात आहेत, तरी तालुका आंबेगावच. वस्तू गेली आणि नाव राहिलं. लेण्याद्रीला नेमकं उलट झालं. गिरिजात्मज ज्या लेण्यात आहे, तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. दगड तोच, भिंतीतल्या खोल्याही त्याच, पण आज तिथे अष्टविनायकाचे भक्त माथा टेकतात. वस्तू राहिली आणि ओळख बदलली. मग एखादी गोष्ट 'तीच' आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. असाच एक यवन (ग्रीक) राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो, तो संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आला आहे. नागसेन त्याला उलट विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी त्याला मान्य करावं लागतं, की हे सारे भाग एकत्र आले म्हणजे त्यांना रथ म्हणायचं, एवढंच. ताडपत्रीवर इंजिन खोलून ठेवलं होतं तेव्हा हे मला डोळ्यांनी दिसलं. तिथे लोखंड होतं, काजळी होती, जळक्या ऑइलचा वास होता. टिलर कुठेच नव्हता.

नागसेनाचं म्हणणं मला पटतं, पण तेवढ्यावर माझं भागत नाही. टिलर नावाचं वेगळं काही नसेलच, तर माझी कृतज्ञता कुणाकडे जाते?

याचं उत्तर मला आळ्याला मिळालं. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आमच्या आळे गावात आहे, अशी श्रद्धा आहे. कथेतला तो रेडा पखाली वाहणारा, दुसऱ्यासाठी पाणी ओढणारा. त्याच्या देहाची केव्हाच माती झाली असेल. माणसं नमस्कार करतात तो हाडांना नव्हे. ओझं वाहणाऱ्यालाही मान आहे, हे जे तिथे एकदा मान्य झालं, त्याला तो नमस्कार आहे. टिलरला जीव नाही, वेदना नाही. रेड्याशी मी त्याची बरोबरी करत नाही. पण आळ्याच्या समाधीनं मला एवढं शिकवलं, की कृतज्ञतेला वस्तू टिकून असावी लागत नाही. कष्ट पोचलेले असावे लागतात.

आमच्यापर्यंत ते पोचले आहेत. द्राक्षांच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात मोठा ट्रॅक्टर वळत नव्हता, तिथे आबा या टिलरमागे दिवसभर चालायचे. एका सिलिंडरच्या त्या इंजिनचे हादरे हँडलमधून हातांत उतरायचे, रात्री भाकरी मोडताना त्यांची बोटं थरथरायची. कांद्याचं रान, टोमॅटोचे बेड, आमच्या फिया, बहिणीचं लग्न हे सगळं त्या हादऱ्यांतून निघालं. त्याआधी बैलांनी ओढलं होतं. आता त्यात मिस्त्रींचे हात मिसळले, आणि ज्यांना मी कधी पाहणार नाही, त्या लोखंड ओतणाऱ्या कामगारांचेही. टिलरचं 'तोच' असणं या कष्टांच्या अखंडपणात आहे. पिस्टन बदलल्यानं तो अखंडपणा तुटत नाही. शेडमध्ये हार घालून नुसता उभा ठेवला, तर मात्र तुटतो.

म्हणून दुरुस्ती मला पूजेहून वेगळी वाटत नाही. वेळेवर ऑइल बदलणं, एअर क्लीनर धुणं, पात्यांचे बोल्ट आवळणं हे ऋण फेडणंच आहे. एक दिवस हा टिलर कामाचा राहणार नाही. तेव्हा त्याला भंगारात देताना मी रडणार नाही, कारण लोखंडात आबा नाहीत हे नागसेनानं मला सांगितलं आहे. पण तोवर त्याची हेळसांड करायची मोकळीक मला नाही, हे आळ्यानं सांगितलं आहे. आसक्ती सोडायची आणि जबाबदारी सोडायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमू शकतात. शेतकऱ्याला तर त्या जमवाव्याच लागतात.